दुसऱ्या मस्टरवरची सही

तातेराव मगरे शाळेत सगळ्यांच्या आधी येत. कधी कधी तर शिपायाच्याही आधी येत आणि कुलपाकडं बघत फाटकाशी उभे राहत. नव्यानं रुजू झालेल्या मास्तरांना वाटे, काय माणूस आहे, कामावर केवढी निष्ठा! निष्ठा होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण लवकर येण्याचं खरं कारण मुख्याध्यापकांच्या टेबलावर होतं. तिथं हजेरीची दोन मस्टरं असत. एक जाड, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, ते शिक्षकांचं. दुसरं पातळ, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं. त्या पातळ मस्टरात पाचच नावं होती. वर दोन लिपिक, खाली दोन शिपाई, आणि मधल्या ओळीत तातेराव किसन मगरे, अर्धवेळ ग्रंथपाल. आपण कोणत्या मस्टरवर सही करतो ते कुणाच्या नजरेला पडू नये, म्हणून हा माणूस चोवीस वर्षं शाळा उघडायच्या आधी येत होता.

आता शाळेत असलं काही लपतं होय? सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त बोलत कुणी नव्हतं. शाळा तीर्थपुरीपासून सहा किलोमीटरवरच्या एका गावात, आणि त्या गावात तातेराव म्हणजे 'मगरे सर'. घराच्या पाटीवर मगरे सर. मुलीच्या लग्नपत्रिकेत श्री. तातेराव मगरे, आणि पुढे कंसात सर, ते बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा मोठं. दरवर्षी दहावीचा निरोपसमारंभ झाला की फोटो निघायचा. शिक्षक खुर्च्यांवर, लिपिक आणि शिपाई मागं उभे. तातेराव फोटोग्राफर यायच्या आधीच कडेच्या खुर्चीवर बसून घ्यायचे आणि फोटो निघेपर्यंत पाणी प्यायलासुद्धा उठायचे नाहीत. उठले आणि खुर्ची गेली तर?

त्या सोमवारी मात्र मस्टरवर सही करून ते वळतात न वळतात तोच मुख्याध्यापक काकडे आत आले. कल्याण काकडे वयानं त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, पण कागदाच्या बाबतीत पिकलेला माणूस.

"मगरे सर, बसा. जालन्याहून पत्र आलंय. तुमच्याबद्दल हाय."

सरकारी पत्र आपल्याबद्दल आहे म्हटल्यावर गरीब माणूस बसतो तसे तातेराव खुर्चीच्या कडेवर बसले. पत्र वाईट नव्हतं. उलट चांगलंच होतं, आणि तिथंच सगळी गोची होती. जिल्ह्यातल्या अर्धवेळ ग्रंथपालांना पूर्णवेळ करायची यादी तयार होत होती. यादीत तातेरावांचं नाव होतं. पण नाव पक्कं करण्याआधी पडताळणी होणार होती. गुरुवारी कार्यालयातून एक मॅडम येणार होत्या. सदर कर्मचारी प्रत्यक्षात ग्रंथपालाचंच काम करतो की नाही, ते त्या तपासणार होत्या. पुस्तकांची दाखल नोंदवही, देवघेवीची नोंदवही, वेळापत्रक आणि दोन पालकांचे लेखी जबाब तयार ठेवायचे होते. ज्याचं काम ग्रंथपालाचं दिसणार नाही त्याचं नाव वगळलं जाईल, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं.

तातेरावांनी ती शेवटची ओळ तीनदा वाचली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. अर्ध्या नोकरीत पूर्ण म्हातारा झालो, असं ते स्वतःशीच म्हणायचे. ही यादी हुकली तर दुसरी यादी बघायला ते नोकरीत नसणार होते.

"वेळापत्रकात माझं नाव कुठं हाय, सर?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांना पाठ होतं.

"आठवी ब, मराठी. रोज पाचवा तास," काकडे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

म्हणजे चोवीस वर्षं ज्या शब्दावर पांघरूण घातलं तोच शब्द आता तीन दिवसांत पुराव्यानिशी सिद्ध करायचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक एवढाच की यांनी हात दाखवला नव्हता, लपवला होता.

लपवायला सुरुवात कुठं झाली ते तातेरावांना नेमकं आठवत होतं. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन, तीन वर्षं वणवण करून नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हा ते पेढे घेऊन घरी आले होते. आई, चांगुणाबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला कागद वाचता येत नव्हता, पण ती कागदाला हात लावून बघायची. तिनं विचारलं, "कसली नौकरी म्हनायची?"

"ग्रंथपाल, आई. शाळेतली सगळी पुस्तकं माझ्या ताब्यात. ती सांभाळायची, पोरांना द्यायची."

"सांभाळायची म्हंजे राखण?"

"तसंच समज."

चांगुणाबाईचा हात तांदळातच थांबला. "तुझ्या आज्यानं गावाची राखण केली. येसकरकी करता करता येशीपाशीच मेला. बापानं जिनिंगच्या गेटावर राखण केली. आता तू पुस्तकाची राखण करनार? मंग येवढं शिकवलं कशाला रं तुला?"

ती रागानं बोलली नव्हती. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं खरंच विचारलं होतं. गावानं आज्याला वेशीवर उभं केलं, ती वेस ओलांडायला तिनं तीस वर्षं लोकांची शेतं निंदली होती, आणि शेवटी पोरगा पुन्हा कशाच्या तरी दारात राखणीला उभा राहिला, असं तिला दिसलं. तातेरावांना ते सहन झालं नाही. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई आई, शिकवायचं पण हाय. मास्तरच म्हन."

मग ते खोटं खरं करणं आलं. नशिबानं शाळेलाही फुकटचा मास्तर हवाच होता. आधी कुणी रजेवर गेलं की मगरे. मग कुणी निवडणुकीच्या कामाला गेलं की मगरे. अकरा वर्षांपूर्वी मराठीच्या बाई बदलून गेल्या आणि आठवी ब कायमची मगरे सरांच्या गळ्यात पडली. पडली कसली, त्यांनी ती दोन्ही हातांनी झेलली. कागदावर दुसऱ्याच शिक्षकाचं नाव टाकावं असं काकड्यांना कधी सुचलं नाही, आणि तातेरावांनी ते कधी सुचवलं नाही. वेळापत्रकातलं आपलं नाव बघायला ते मुद्दाम नोटीसबोर्डावरून जायचे. चांगुणाबाई सहा वर्षांपूर्वी गेली. 'माझा ल्योक मास्तर हाय' असं दवाखान्यातल्या नर्सला सांगत सांगत गेली.

आणि पुस्तकं? त्यांचे हाल झाले असं कुणी म्हणू नये. दाखल नोंदवहीत चार हजार तीनशे बारा पुस्तकं होती, प्रत्येकाचा क्रमांक, प्रत्येकाचा शिक्का, अक्षर मोत्यासारखं. ते काम तातेराव दारं लावून, चोरून दारू प्यावी तसं करायचे. पण ग्रंथालयाची खोली पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्यांनी अर्धी भरलेली, आणि ग्रंथपाल वर्गात. मग त्यांनी स्वतःची रीत काढली. कापडी पिशवीत पंधरा-वीस पुस्तकं भरायची, वर्गात न्यायची, तासाची शेवटची दहा मिनिटं ती वाटायची. कोण काय नेतंय ते पोरं चिठ्ठीवर लिहून द्यायची, चिठ्ठ्या सदऱ्याच्या खिशात. बायको, कांताबाई, सदरे धुवायची. तिला हजारदा सांगितलं, आधी खिसे बघत जा. तिनं हजारदा सांगितलं, आधी खिसे रिकामे करत जा. अकरा वर्षांची देवघेव अशी घरच्या मोरीत वाहून गेली होती. देवघेवीच्या नोंदवहीतली शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती.

"मंग आता?" तातेरावांनी विचारलं.

"मंग काय, कोरं रजिस्टर हाय. तीन दिवस हायेत. बसा आन् लिहून काढा," काकडे म्हणाले. "दोन-तीन पेनं वापरा. वही जरा उन्हात ठेवा, म्हंजे पानं पिवळी पडतेत. कोण बघतंय?"

तातेराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. रजिस्टर मात्र त्यांनी उचललं.

सोमवारी दुपारी ते गोण्यांच्या आडोशाला टेबल ओढून बसले. लिपिक उषाबाईंनी जुने हजेरीपट आणून दिले आणि काही न विचारता दार लोटून घेतलं. पहिल्या पानावर तारीख घालण्याआधी तातेरावांनी पेनाचं टोपण दोनदा काढलं आणि दोनदा लावलं. आयुष्यात त्यांनी सरकारी कागदावर खोटी नोंद केली नव्हती. पद लपवलं होतं, पण ते तोंडानं, कागदावर नाही. पण पहिलं नाव लिहिलं आणि एक विचित्र गोष्ट झाली. त्यांना आठवायला लागलं. सूरज नावाचा एक पोरगा होता, त्यानं विहिरीवरच्या भुतांच्या गोष्टी चारदा नेल्या होत्या. एक पोरगी फक्त जाड पुस्तकंच मागायची, कारण ती घरी तीन भावंडांना वाचून दाखवायची आणि लवकर संपलेलं तिला चालायचं नाही. मंगळवारी दुपारपर्यंत त्यांनी सातशे नोंदी केल्या. वही खोटी होती, पण त्यातलं नाव आणि पुस्तक बहुतेक खरं होतं. आपण खोटं लिहून राह्यलो की खरं, याचा त्यांना पत्ता लागेना, आणि तो लागेना म्हणून जेवण जाईना.

बुधवारी पालकांच्या जबाबांसाठी ते तीर्थपुरीला गेले. एक जबाब उषाबाईंच्या जावेनं दिला होता. दुसऱ्यासाठी ख्वाजामियाँसारखा माणूस नव्हता. ख्वाजामियाँचं बाजारात गाद्या-रजया भरायचं दुकान. त्यांची मुलगी सालेहा काही वर्षांपूर्वी आठवी ब मध्ये होती, आता जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत बियाणं तपासायला होती, चांगल्या जागेवर. सर दुकानात आले म्हटल्यावर ख्वाजामियाँनी कापूस झटकला, आपली गादी पुढं केली आणि चहा सांगितला.

तातेरावांनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. ख्वाजामियाँनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला. 'श्री. मगरे हे आमच्या पाल्याच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून काम करतात. ते शिक्षक नाहीत.'

"हे काय हाय, सर?"

"सही पाहिजे तुमची."

"तुम्ही शिक्षक न्हाई, आसं मी लिवून देऊ?" ख्वाजामियाँनी कागद दूर धरला. "बिलकुल न्हाई. कोण हरामखोर तुमच्या मागं लागलाय ते सांगा. मी येतो हापिसात."

"कोणी मागं लागलं न्हाई हो. मी खरंच शिक्षक न्हाई. मी ग्रंथपाल हाय. पहिल्यापासून."

हे बोलताना तातेरावांनी दुकानाबाहेर बघितलं, कुणी ऐकलं की काय म्हणून.

"सर," ख्वाजामियाँ हळू आवाजात म्हणाले, "माझी पोरगी सातवीपर्यंत मराठी वाचताना आडखळायची. घरी आम्ही उर्दू बोलतो. आठवीत तुमच्या हाताखाली आली आन् धडाधड वाचायला लागली. मी माझ्या कानानं ऐकलंय. आता तुम्ही म्हनता, मी शिकवलंच न्हाई. आन् मी त्यावर सही करू? वर जाऊन काय जवाब देऊ?"

"उद्या शाळेत तपासणी हाय. तुमच्या सहीवर माझी नौकरी हाय, ख्वाजामियाँ."

"नौकरीसाठी जान मागा. झूट नका मागू."

चहा आला. तातेरावांनी तो कसाबसा संपवला. गावात एक माणूस इतका प्रामाणिक निघावा आणि तो नेमका आपल्याच वाट्याला यावा, याचा त्यांना संताप आला. आणि त्या संतापातही एक गोष्ट त्यांना कळत होती. हा माणूस आपलंच चोवीस वर्षांचं खोटं आपल्या तोंडावर फेकत होता, आणि ते खरं समजून. परतताना त्यांनी मोटारसायकल दोनदा बाजूला घेतली. उद्या काय होणार, ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

गुरुवारी अकरा वाजता मॅडमची गाडी आली. पस्तिशीच्या असतील, साडीवर स्वेटर, हातात फाईल. फाटकात उतरल्यावर त्यांनी समोरून जाणाऱ्या आठवी ब च्या रुखसारला विचारलं, "बाळा, तुमचे ग्रंथपाल कुठं बसतात?"

तातेराव ग्रंथालयाच्या खिडकीत उभे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

रुखसारनं जरा विचार केला. हुशार पोरगी, न विचार करता बोलायची नाही. "ग्रंथपाल न्हाईत, मॅडम, आमच्या शाळेत."

"मग पुस्तकं कोण देतं?"

"मगरे सर देतेत. पण ते सर हायेत."

मॅडमनी फाईलवर काहीतरी लिहिलं. तातेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. काय लिहिलं असेल? एक ओळ होती की दोन? त्यांना आपल्याच वर्गातल्या पोरीचा राग यावा इतकी वाईट वेळ आली होती. पण राग येईना. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा माणूस खिडकीत उभा होता.

मॅडमनी ग्रंथालय बघितलं. तांदळाच्या गोण्यांकडं बघून काकड्यांकडं बघितलं. काकडे म्हणाले, "तात्पुरतं हाय." दाखल नोंदवही त्यांनी बराच वेळ चाळली, मधूनच एक क्रमांक काढून विचारला, "दोन हजार एकशे चार?" तातेराव उठून तिसऱ्या कपाटाकडं गेले, खालच्या फळीवरून पुस्तक काढून आणलं. हे करताना त्यांना भान राहिलं नाही, इतकं ते सवयीचं होतं. मॅडमनी मान हलवली. तातेरावांच्या जिवात जरा जीव आला.

मग काकड्यांनी ती दुसरी वही पुढं सरकवली. मॅडमनी पानं उलटली. एक, दोन, दहा. बोट परतीच्या तारखेच्या रकान्यावरून खाली खाली आलं.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत एकही पुस्तक उशिरा आलं नाही? एकही हरवलं नाही? मगरे, अशी शाळा महाराष्ट्रात कुठंच नाही."

तातेराव वहीकडं बघत राहिले. चूक त्यांचीच होती, आणि ती ग्रंथपालानं तरी करू नये अशी होती. तीन दिवस नोंदी करताना एकाही पोराच्या नावापुढं 'हरवले' लिहायला त्यांचा हात धजला नव्हता. मोठी झालेली पोरं ती. कुणी नर्स, कुणी कंपनीत, कुणी दोन लेकरांची आई. वीस रुपयांच्या पुस्तकासाठी त्यांना सरकारी वहीत चोर कसं करायचं? म्हणून त्यांनी सगळ्यांची सगळी पुस्तकं वेळेवर परत आणून ठेवली होती. काकड्यांनी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. बोलू नका, असा त्याचा अर्थ होता.

"ही वही खरी न्हाई, मॅडम," तातेराव म्हणाले. "सोमवारपासून लिहिली. पोरांनी जे नेलं ते बरंचसं खरं हाय, तारखा खोट्या हायेत. खरी देवघेव मी वर्गात करत होतो, पिशवीतून. चिठ्ठ्या राहिल्या न्हाईत."

काकड्यांनी कपाळाचा घाम पुसला. मॅडमनी वही मिटली, पण फाईल उघडीच ठेवली. "वर्गात म्हणजे? ग्रंथपाल वर्गात काय करत होते?"

याच वेळी दारात ख्वाजामियाँ आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, हातात घडी केलेला कागद. तातेरावांना वाटलं, संपलं. आगीतून उठून फुफाट्यात. हा माणूस आता आपली बाजू घेऊन आपल्याला बुडवणार.

"मॅडम, मी सालेहाचा बाप," ते म्हणाले. "काल सरांना मी सही दिली न्हाई. ती दिली असती तर झूट झालं असतं. मंग पोरीला फोन लावला. तिनं जे सांगितलं ते लिवून आणलं. एक शब्द माझा न्हाई."

मॅडमनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. सालेहानं लिहून घ्यायला लावलं होतं, 'मगरे सर वर्गात धडा शिकवायचे, तो मला आता आठवत नाही. त्यांनी मला त्या वर्षी एकेचाळीस पुस्तकं दिली. आधी चित्रांची, मग मोठ्या अक्षरांची, मग बारीक अक्षरांची. एक संपल्याशिवाय दुसरं द्यायचे नाहीत आणि संपलं की नाही ते दोन प्रश्न विचारून बघायचे. मी मराठी त्यांच्या पिशवीतून शिकले. एक पुस्तक अजून माझ्याकडं आहे, ते हरवलं असं मी तेव्हा खोटं सांगितलं होतं.'

तातेरावांना ते एकेचाळीस पुस्तकांचं आठवत नव्हतं. धडा आठवत नाही, हे वाक्य मात्र त्यांच्या कानात अडकून बसलं. अकरा वर्षं ज्या धड्यासाठी रात्री तयारी केली, ज्याच्यासाठी दुसऱ्या मस्टरची लाज सोसली, तो धडा पोरीला आठवत नव्हता. त्यांना रडू आलं. आनंदाचं की अपमानाचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे काम तुम्ही ग्रंथपालाचं केलंत," मॅडम म्हणाल्या, "पण नाव दुसरं लावून. आणि शाळेनं तुम्हाला मास्तर म्हणून वापरलं." हे शेवटचं त्या काकड्यांकडं बघत म्हणाल्या. "खोट्या वहीबद्दल मला लिहावंच लागेल. तुम्ही स्वतःहून सांगितलंत, तेही लिहीन. यादीत नाव राहील की नाही ते वरचे ठरवतील. पण मी शिफारस करायची असेल तर दोघांनी आत्ता लेखी द्या. आजपासून मगरे अध्यापनाचं काम करणार नाहीत."

"आजपासून?" तातेरावांनी विचारलं.

"आजपासून."

काकड्यांनी भराभर सही केली आणि कागद तातेरावांपुढं सरकवला. वर ओळ होती, 'मी या शाळेचा ग्रंथपाल असून यापुढे कोणत्याही वर्गावर अध्यापन करणार नाही.' तातेरावांनी पेन उघडलं. आठवी ब चा धडा अर्धा राहिला होता. तो आता कोण घेणार? कुणी घेतला तरी नीट घेणार का? इकडं आड, तिकडं विहीर. त्यांनी सही केली, खाली 'ग्रंथपाल' लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा वेडंवाकडं आलं.

ख्वाजामियाँनी जाताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, आता झूट तर न्हाई ना झालं कुठं?"

"न्हाई," तातेराव म्हणाले. "आता न्हाई."

मॅडम गेल्या. जेवणाची सुट्टी झाली. उषाबाईंनी डबा पुढं केला, तातेरावांनी अर्धी भाकरी खाल्ली. शिफारस गेली तरी वरचे काय करतील, खोट्या वहीची चौकशी लागली तर दोन वर्षांत काय होईल, कांताबाईला कसं सांगायचं, सगळं एकाच वेळी डोक्यात फिरत होतं. पाचव्या तासाची घंटा झाली. ते उठले, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेले आणि थांबले. मग परत येऊन खुर्चीवर बसले. शेजारच्या खोलीतून आठवी ब चा गोंगाट येत होता. तिकडं कुणी गेलेलं नव्हतं.

दहा मिनिटांनी रुखसार आणि तिच्या मागं चौघी-पाच जणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तास हाय ना आपला?"

"न्हाई. आता मी वर्गावर येणार न्हाई."

"का?"

तातेरावांना वाटलं, वेगळं काहीतरी सांगावं, बरं वाटत नाही म्हणावं. चोवीस वर्षांची सवय होती ती. "मी ह्या शाळेचा ग्रंथपाल हाय," ते म्हणाले. "पहिल्यापासून. कोणाला सांगितलं नव्हतं."

रुखसारचा चेहरा उतरला. "मी तर मॅडमला सांगितलं, ग्रंथपाल न्हाईत म्हणून. माझ्यामुळं झालं का हे, सर?"

"तुझ्यामुळं न्हाई. तुला मीच कधी सांगितलं नव्हतं."

मग तिनं विचारलं, "मंग आता तुम्हाला काय म्हणायचं?"

बाकीच्या पोरी तातेरावांकडं बघत उंबऱ्यातच थांबल्या होत्या, आत यावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. तातेरावांनी खुर्ची मागं सारली, वाटेतली तांदळाची एक गोणी पायानं बाजूला लोटली आणि कपाटाचं कुलूप काढलं.

"आत या," ते म्हणाले. "कोणतं पुस्तक पाहिजे?"